पैलवानाची कंबर

“चुकून बोलले म्हणा ना, काकू! एवढंच तर म्हणायचंय.”

“पण चुकलं कुठे? त्याची कंबर खराब आहे म्हणजे आहे.”

“आहे हो! पण ते सोळा जणांनी ऐकलं. सुपरवायझरसकट.”

“मी काही मोठ्यानं ओरडले नव्हते.”

“बटण दाबून बोलल्यावर हळू काय नि मोठ्यानं काय!”

कंट्रोल काकू स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून वाटाणे सोलत होत्या. समोर उभी होती ती त्यांच्या जागेवर आलेली मुलगी. हॉस्पिटलात तिला सगळे ‘नवी’ म्हणत. दोनला तिची ड्यूटी सुरू होणार होती, त्यामुळे तिनं खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती. काकूंचे यजमान खिडकीशी शब्दकोडं सोडवत होते, म्हणजे ऐकत होते.

काकूंनी सव्वीस वर्षं त्या हॉस्पिटलात एकच काम केलं. कुठला पेशंट कुठून कुठे न्यायचा आणि स्ट्रेचर कुणी ढकलायचं, हे खुर्चीत बसून सांगायचं. खोली जिन्याखाली, बिनखिडकीची. दारावर ‘कंट्रोल’ अशी पाटी होती, म्हणून त्या कंट्रोल काकू. पुढे पाटी पडली, नाव राहिलं. एवढ्या वर्षांत त्यांनी पेशंट असा फारसा पाहिलाच नाही. त्यांच्या लेखी तो खाटेचा नंबर. पण माणसं पाठ. दुसऱ्या मजल्यावर कुणाला धाप लागते, घरी भांडण झालं की कोण लिफ्टमध्ये उगाच दोन फेऱ्या मारतो, सगळं ठाऊक. तिसऱ्या लिफ्टचं दार पायानं अडवावं लागतं, हेही लिफ्टवाल्याआधी त्यांना कळलं होतं.

पैलवान हा त्यांच्या हाताखालचा सर्वांत दांडगा गडी. दारातून जरा तिरका होऊनच आत यायचा. नऊ वर्षांपूर्वी त्याची कंबर गेली. नोकरी जाईल म्हणून त्यानं घरीही सांगितलं नाही; सांगितलं फक्त काकूंना, जिन्याखाली, दार लावून. काकू म्हणाल्या, “बरं.”

विषय संपला. त्या दिवसापासून पैलवानाच्या वाट्याला रक्ताचे नमुने, एक्स-रेची पाकिटं आणि चाकाच्या खुर्चीत बसलेल्या बारक्या आज्या. जड पेशंट आला, की पैलवान नेमका इमारतीच्या दुसऱ्या टोकाला. कुणाच्या लक्षात आलं नाही. उलट सतत पळताना दिसतो म्हणून एका वर्षी त्याला प्रशस्तिपत्रक मिळालं.

पूर्वी सगळ्यांकडे वॉकीटॉकी असत. फाटकाबाहेर पाय टाकला की जरा खरखर, मग सुटका. नंतर मोबाइलवरचं अ‍ॅप आलं. बटण दाबायचं, टुंग वाजलं की बोलायचं, सोडायचं. चॅनलवरचे सगळे एकदम ऐकतात. नेटवर्क असेल तिथे चालतं, बसमध्ये, बाजारात, न्हाणीघरातही. काकू निवृत्त झाल्या तेव्हा भाषणं झाली, भिंतीवरचं घड्याळ मिळालं, फक्त चॅनलवरून त्यांचं नाव काढायचं राहिलं. ज्यानं काढायचं, तो आदल्या आठवड्यातच नोकरी सोडून गेला होता.

चार महिने काकू घरबसल्या सगळं ऐकत होत्या. बोलतही होत्या, पण बटण न दाबता.

“अगं, तिला ऐकू जात नाही,” यजमान सांगत.

“म्हणून तर बोलतेय.”

नवीची पद्धत वेगळी. तिच्यासमोर पडदा असतो, त्यावर माणसं हिरव्या ठिपक्यांसारखी फिरतात. जो ठिपका जवळ, त्याला काम. मंगळवारी चौथ्या मजल्यावर एकशे तीस किलोचा पेशंट पलंगावरून उचलायचा होता. जवळचा ठिपका पैलवान. नवीनं त्याला बोलावलं. तो “निघालो” म्हणाला, जरासं थांबून. ते थांबणं काकूंनी ऐकलं आणि त्यांचा अंगठा बटणावर गेला.

“त्याला नको गं पाठवू! नऊ वर्षं झाली त्याची कंबर जाऊन.”

खुर्चीत असत्या तर एक शब्द बोलावा लागला नसता. दुसऱ्या कुणाला तरी हाक मारली असती, झालं.

“उद्या तपासणीचं पत्र निघतंय,” नवी म्हणाली. “डॉक्टरनं नापास केलं की गेला तो घरी.”

“तू त्याला बोलावलंसच कशाला?”

“मला काय माहीत! मी आत्ता आलेय!”

“सव्वीस वर्षांत माझा एक मजला चुकलेला नाही. आणि आता सोळा जणांपुढे सांगू, की बाई भ्रमिष्ट झाली?”

“हो.”

यजमानांनी पेन्सिल खाली ठेवली.

“पैलवान काय म्हणतो?” काकूंनी विचारलं.

“काही नाही. कालपासून जिन्यानं चढउतार करतोय. सुपरवायझरला दिसेल असा. मधेच कठडा धरून उभा राहतो, आणि कुणी आलं की शीळ घालतो.”

काकूंच्या हातातली शेंग अर्धी सोललेली राहिली. त्यांनी पदराला हात पुसले, फोन ओढला, बटण दाबलं आणि टुंग वाजेपर्यंत थांबल्या.

“साहेब, कंट्रोल काकू बोलतेय. मंगळवारचं माझं बोलणं मनावर घेऊ नका. गोंधळ झाला माझा. वय झालं, हल्ली एकाचं दुसऱ्याला चिकटवते.”

बटण सोडलं.

“मग कंबर कुणाची?” सुपरवायझरनं विचारलं.

काकूंनी स्वयंपाकघरात नजर फिरवली आणि बटण दाबलं.

“आमच्या ह्यांची.”

“माझी?” यजमान म्हणाले.

“तुमची. उठताना जरा जपून उठत जा,” काकू म्हणाल्या. बटण अजून दाबलेलंच होतं.

“चला, बरं झालं,” सुपरवायझर म्हणाला. “तो फॉर्म चार पानी आहे. पत्र थांबवतो. पण काकू, तुम्ही अजून चॅनलवर कशा?”

काकूंनी उत्तर द्यायला पुन्हा बटण दाबलं. टुंग वाजलं नाही. पडद्यावर ओळ आली: ‘तुम्हाला या चॅनलवरून काढण्यात आले आहे.’ इतक्या वर्षांत सुपरवायझरनं एवढ्या झटपट केलेलं हे पहिलं काम.

नवीनं मोठा श्वास सोडला. पर्स उतरवली, खुर्ची ओढून बसली आणि वही काढली.

“वाचला बिचारा. काकू, आता परत असं नको व्हायला. आणखी कुणाकुणाचं काय काय आहे ते सांगून ठेवा मला. गुडघे, दमा, काय असेल ते. नावानिशी लिहून घेते. कुणापासून सुरू करायचं?”

काकू उठल्या. टरफलं पिशवीत भरली, पिशवीला गाठ मारली, चपला सरकवल्या आणि कचरा टाकायला बाहेर पडल्या.