फॉर्मवर सोमवार नव्हता

गेल्या महिन्यातल्या एका रविवारची गोष्ट. सांगलीजवळच्या एका औद्योगिक वसाहतीमागं कामगारांची वस्ती आहे... तिथं आम्ही तिघं दुपारी बाराच्या सुमाराला फॉर्मचा गठ्ठा घेऊन पोचलो.

आमच्या चर्चच्या मंडळीला त्या भागात नवीन उपासना सुरू करायची होती. कमिटीचं म्हणणं, आधी तिथल्या लोकांना काय हवंय ते विचारा, मग जागा बघू. दहा-बारा ख्रिस्ती घरं आहेत असं कळलं होतं, बरीचशी जतकडून कामासाठी आलेली.

पाळकसाहेब, कमिटीचे सेक्रेटरी आणि मी. मला घेतलं कारण बायका बाईशी मोकळं बोलतात... आणि माझं अक्षर बरं आहे. शाळा चौथीत सुटली, पुढचं लिहिणं-वाचणं माझं मीच घरी शिकले.

फॉर्म सेक्रेटरींनी तयार केला होता. घरात माणसं किती, पाणी येतं का, मुलं शाळेत जातात का, कुणाचं आजारपण... आणि शेवटी उपासनेची सोयीची वेळ. त्यापुढं दोनच चौकोन. रविवार सकाळ, रविवार संध्याकाळ.

पहिल्या चार दारांना कुलूप. पाचव्या दारात लुंगी नेसलेला एक माणूस उभा होता. "धर्म बदलायचं कागद हायत काय?" त्यानं सरळच विचारलं. पाळकसाहेब म्हणाले, "नाही, आमचीच माणसं शोधतोय." त्यानं फॉर्म हातात घेतला, सगळा वाचला आणि परत दिला. म्हणाला, "कोपऱ्यावरच्या खोलीत बघा. बाकीची आज न्हाई घावायची."

कोपऱ्यावरच्या खोलीत मार्था होती. पंचविशीची असेल, मांडीवर लहान मुलगा. नवरा फौंड्रीत. चहा ठेवते म्हणाली, आम्ही नको म्हटलं तरी ठेवलाच.

सगळे प्रश्न झाले. वेळेच्या चौकोनांशी आल्यावर ती हसली. "मावशी, ह्यातलं एकबी न्हाई. सोमवार कुठं हाय?"

इथल्या कारखान्यांना सुट्टी सोमवारी असते. विजेच्या सोयीसाठी भागाभागानं सुट्टीचे वार वाटून दिलेले असतात... रविवारी भट्टी चालूच.

सेक्रेटरी म्हणाले, "अगं, पण रविवार हा प्रभूचा वार."

"मग प्रभूलाच फौंड्रीत एक फोन लावाय सांगा," ती म्हणाली. पाळकसाहेबांना हसू आवरलं नाही.

मग ती खालच्या आवाजात बोलायला लागली. लग्नाला चार वर्षं झाली, नवरा एकदाही उपासनेला बसलेला नाही. आधी सुट्टी मिळायची नाही म्हणून. "आता म्हणत्यात, एवढ्या दिसानं कुठल्या तोंडानं जाऊ... आणखी दोन वर्सं गेली तर न्हाईच यायचं ते." मुलाचा बाप्तिस्माही त्यामुळंच राहिला होता. बापाशिवाय नको, असं तिचं म्हणणं.

मी फॉर्म भरायची थांबले.

माझे मिस्टरही फौंड्रीत मोल्डर होते, ओतकामाचे साचे करायचे. बावीस वर्षं. त्यांचीही सुट्टी सोमवारी. मी दर रविवारी मुलीला घेऊन एकटी उपासनेला जायची. कुणी विचारलं, की सांगायची, "त्यांना आवड नाही." ते खरं नव्हतं... खरं म्हणजे मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं.

सहा वर्षांपूर्वी ते गेले. मातीच्या वेळी तेव्हाचे पाळक म्हणाले, बंधू उपासनेला फारसे येत नसत, पण देव दयाळू आहे. मी होकाराची मान हलवली.

आणि आदल्या रात्री तो फॉर्म मीच तपासला होता. शुद्धलेखनाच्या दोन चुका काढल्या. सोमवार माझ्याही डोक्यात आला नाही.

बुधवारी कमिटी बसली. सेक्रेटरींचं म्हणणं, वार सोडला तर उद्या काहीही सोडतील. माणूस वाईट नाही, त्यांना खरंच तसं वाटतं. सगळा विषय रविवार संध्याकाळवर येऊन मिटायला लागला होता...

मी कमिटीत कधी बोलत नाही. त्या दिवशी उठले आणि मिस्टरांचं सांगितलं. मातीच्या वेळी मान हलवली, तेही सांगितलं. म्हटलं, "ते येत नव्हते असं आपण म्हणालो. ते ज्या दिवशी मोकळे असायचे, त्या दिवशी आपल्या दाराला कुलूप असायचं."

मग सेक्रेटरीच म्हणाले, "सोमवारी किती वाजता? आणि चहाचं कोण बघणार?"

परवाच्या सोमवारी संध्याकाळी मार्थाच्या खोलीत पहिली उपासना झाली. मोठी माणसं नऊ आणि पोरं. मार्थाचा नवरा उशिरा आला, दाराजवळ बसला. हात घासून धुतलेले, तरी रेघांमधली काजळी तशीच. कुणाकडं बघत नव्हता. पाळकसाहेबांनी नुसतं सरकून त्याला भिंतीशी जागा करून दिली.

दुसऱ्या गीतानंतर पाळकसाहेब बायबल वाचायला लागले, तसा त्याचा डोळा लागला. भिंतीला डोकं टेकून गाढ झोपला. मार्था शरमून त्याला हलवायला उठली... मी तिचा हात धरला. म्हटलं, "असू दे. आलाय ना." पाळकसाहेबांनी आवाज थोडा खाली घेतला आणि पुढं वाचत राहिले.

एवढंच सांगायचं होतं. तुमच्याकडंही कुणाबद्दल "तो येत नाही" असं म्हणत असतील, तर त्याला सुट्टी कधी असते ते एकदा विचारा. मला विचारायला बावीस वर्षं होती.