काकांनी माझा कोर्स तपासला

माझ्या नणंदेच्या सासऱ्यांनी, म्हणजे आमच्या काकांनी, आयुष्यात एकही वस्तू, एकही डॉक्टर आणि एकही जावई तपासल्याशिवाय घरात घेतला नाही. रायपूरच्या उरला या कारखान्यांच्या भागातल्या एका रोलिंग मिलमध्ये लोखंडी सळ्या पास-नापास करण्यात त्यांची सारी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर सळ्या सुटल्या, सवय सुटली नाही. टरबूज वाजवून घेणारे पुष्कळ असतात, काका नवा पलंगसुद्धा वाजवून घेत. ब्लड प्रेशर मोजायला आलेल्या डॉक्टरला म्हणत, "पहिले तुमचं मोजा. मशीन बराबर आहे का पाहू द्या." धाकट्या मुलीला पाहायला पाहुणे यायचे तेव्हा पुरानी बस्तीतल्या घराच्या दारात ते आपली चप्पल मुद्दाम आडवी टाकून ठेवत. दोन मुलं ती ओलांडून आत आली. तिसऱ्यानं वाकून बाजूला केली आणि लग्न त्याच्याशी झालं. पत्रिका नंतर पाहिली.

मी शंकर नगरच्या एका शाळेत सहावी ते आठवीला शिकवते. काकांचा नातू आमच्याच शाळेत, त्यामुळे ते पालक समितीवर आले आणि आमची शांतता संपली. त्या वर्षी समितीला मुलांसाठी नेतृत्व आणि चारित्र्याचा कोर्स निवडायचा होता. आधी बाहेरची एक कंपनी पडदा, माईक असा सगळा सरंजाम घेऊन आली. त्यांच्या सरांनी विचारलं, "बच्चों, आप सब लीडर हो?" शे-दोनशे पोरं एका दमात ओरडली, "हव!" सर खूश झाले. काकांनी मात्र वहीत फुली मारली. मी कारण विचारलं तर म्हणाले, "आपल्या रायपुरात हव म्हणजे हो नसते, पोरी. हव म्हणजे, झालं नं, आता जाऊ द्या. आई भाजी आणाले सांगते, पोट्टा हव म्हणते. उठते का?"

मी पोट धरून हसले, कारण दुसरा कोर्स माझा होता. दोन वर्षांचे रविवार घालून मी बारा पाठ लिहिले होते. तो पास झाला तर संस्थेच्या सगळ्या शाळांत लागणार होता, आणि खरं सांगते, मला ते फार हवं होतं. प्रत्येक पाठानंतर मी मुलांकडून एक कागद भरून घेतला होता, 'पाठ समजला का?' असा. प्रत्येकानं लिहिलं होतं, हव. ते सगळे कागद नीट फाईलला लावून मी पुरावा म्हणून काकांच्याच पुढ्यात ठेवले.

काकांनी फाईल चाळली आणि मिटली. तपासणीला बसले की ते मला पोरी नाही, मॅडम म्हणत. "मॅडम, तुम्ही दहा मिनिटं बाहेर थांबा," म्हणाले आणि सातवीच्या वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसले. बाहेर आले तेव्हा अहवालात एकच ओळ होती: कोर्स चांगला, मॅडम नापास.

एका मुलीनं त्यांना सांगितलं होतं, "मैडम ने कहा, सच बोलो. मैंने सच बोला कि समझ में नहीं आया, तो मैडम बोलीं, ध्यान कहाँ रहता है तुम्हारा." पाठ खरेपणाचा होता. मला तो तास आठवला. वर्ग हसला होता, तेही आठवलं.

तरी राग काही जाईना. त्या दिवाळीत मी नणंदेकडे फराळ पाठवला नाही, तर काकाच रिकामा डबा घेऊन दारात हजर. "काहून रुसून राहिली? नापास सळी आम्ही फेकून नाही देत, पुन्हा भट्टीत टाकतो." चिवडा खाता खाता, माझ्याकडे न पाहता पुढे म्हणाले, "मी सातवीतच शाळा सोडली. गणित समजे नाही. गुरुजी विचारत, समजलं का, मी हव म्हणो. नाही म्हणाची हिंमतच झाली नाही कधी." मी डबा गच्च भरून दिला. शाळा उघडल्यावर सगळ्या वर्गासमोर त्या मुलीची माफी मागितली.

कोर्स पुढच्या वर्षी पास झाला. काकांनी तो दोनदा तपासला आणि शेवटी नाइलाजानं सही केल्यासारखी सही केली. आता प्रत्येक पाठानंतर मी वर्गाबाहेर जाते आणि ती मुलगी, आता दहावीत आहे, आत मुलांशी बोलते. परवा ती बाहेर येऊन म्हणाली, "मैडम, तीन लोगों को नहीं समझा. खुद ही बोले." इतकी चांगली बातमी मला त्या शाळेत कुणी दिली नव्हती. मी आत जाऊन तो पाठ पुन्हा घेतला, आणि सुट्टी होताच व्हरांड्यातूनच नणंदेच्या घरी फोन लावला. नणंदेनं उचलला, "बोल" म्हणाली. काका जाऊन आठ महिने झालेत, हे मला तेव्हा आठवलं. मग मी तिलाच सगळं सांगितलं, सावकाश, काहीही न गाळता.