कानाडोळा

न्यायाचा विषय निघाला की माझ्या आईला चहा आठवायचा. मयूर विहारच्या तिच्या फ्लॅटमध्ये महिन्यातून एकदा मराठी ख्रिस्ती कुटुंबांची प्रार्थना असते. बहुतेक सगळे सरकारी नोकरीतले, नगर-जालन्याकडून बदलीवर दिल्लीत येऊन इथेच रुजलेले. पाळक शेवटच्या दिवसाबद्दल, देव मेलेल्यांचाही न्याय करील त्याबद्दल बोलू लागले की आई पदर खोचून स्वयंपाकघरात जायची आणि विषय बदलेपर्यंत बाहेर यायची नाही. इतका उकळलेला चहा दिल्लीत दुसरीकडे कुठे मिळत नसेल.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. माझा धाकटा भाऊ दारूपायी गेला होता. तो आईजवळच राहायचा. सकाळी त्याला उठवत नसे तेव्हा आईच त्याच्या ऑफिसला फोन करून ताप आहे म्हणून सांगायची. वर्षानुवर्षं त्याला ताप होता. मी रविवारी आर. के. पुरमच्या क्वार्टरमधून यायचे, त्याला ताडताड बोलायचे आणि मेट्रोत बसून निघून जायचे. न्याय माझ्याकडे होता, माया आईकडे. दोन्ही एका माणसात आलं असतं तर कदाचित त्यानं ऐकलं असतं.

तो गेल्यावर आईनं एकच धास्ती घेतली. देवासमोर त्याचं काय होणार? पाळकांनी पुष्कळ समजावलं. माणूस भला. देव प्रेमळ आहे, तुमच्या मुलाच्या चुकांकडे तो कानाडोळा करील, असं ते म्हणायचे. आई मान हलवायची, पण त्यानं तिला काडीचंही बरं वाटत नसे. याहून गोड तिला आणखी काय ऐकायचं आहे, ते मला कळत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझी चिडचिडही व्हायची.

मागच्या हिवाळ्यात बायबलमधलं वचन वाचायची पाळी माझ्या मुलीवर आली. ती आठवीत, जन्मापासून दिल्लीत. मराठी वाचते बरी, पण अर्थ हिंदीतून लावते. आणि वचन निघालं ते नेमकं शिक्षेचं. प्रभूची ज्याच्यावर प्रीती असते त्यालाच तो शिक्षा करतो, अशा अर्थाचं. मी आईकडे पाहिलं. तिनं गुडघ्यावर हात टेकला होता, ती उठायच्या बेतात होती. तेवढ्यात पाळकांनी लेकीला विचारलं, बेटा, यातून तुला काय समजलं?

"गॉड ज्याच्यावर प्रेम करतो ना, त्याला तो स्वतः पढवतो," ती म्हणाली. "त्याला येत नसेल, तरी असंच सोडून नाही देत."

खोलीत हशा पिकला. मी कपाळाला हात लावला आणि तिला सांगितलं की बाई, मराठीत शिक्षा म्हणजे सजा, पढाई नव्हे. बिचारी गोरीमोरी झाली. फक्त पाळक हसले नाहीत. शिकणं आणि शिक्षा हे शब्द मुळात एकाच घरचे, पोरीचं फारसं चुकलेलं नाही, असं ते म्हणाले. मग न्यायावर बराच वेळ बोलले. आई उठली नाही. त्या दिवशी चहा मलाच करावा लागला.

सगळे गेल्यावर मी कप विसळत होते. आई मागे येऊन उभी राहिली.

"पाळक कानाडोळा म्हणायचे ना, तेव्हा मला धडकीच भरायची," ती म्हणाली. "तो तर मीच केला त्याच्याकडे. देवानंही केला, तर त्याचं आहे कोण?"

एवढी वर्षं आम्ही तिला जे औषध म्हणून देत होतो, तेच तिला टोचत होतं. मी नळ बंद केला आणि विचारलं, मग देवानं काय करावं असं तुला वाटतं?

तिनं एक कप उचलून पुसायला घेतला. बोलली तेव्हा आवाज अगदी शांत होता.

"त्याला समोर बसवावं. सगळं बोलावं, काही सोडू नये. रडला तर रडू द्यावं. आणि मग जेवायला वाढावं. मी नुसतंच वाढत राहिले गं."