साडेचार फुटांचा आडोसा

आमच्या अमरावतीच्या घरात दिवसाढवळ्या कोणी खोलीचं दार लावलं, की बाहेरून हमखास विचारणा व्हायची, "काहून वं, तब्येत बरी नाही का?" धडधाकट माणसाला एकटं बसावंसं वाटतं, हे आमच्याकडे कोणाच्या गळी उतरत नसे. फोन बैठकीत, टीव्हीशेजारी. त्यामुळे आयुष्यातली माझी पहिली स्वतःची खोली म्हणजे कॉलेजच्या रस्त्यावरच्या नेट कॅफेतली केबिन. तीन बाजूंनी प्लायवूड, चौथीला पडदा आणि हात तुटलेली एक खुर्ची. मला तो राजवाडा वाटायचा.

मी तेव्हा लॉच्या दुसऱ्या वर्षाला होते आणि माझं लग्न जवळजवळ ठरलं होतं. मुलगा अकोल्याचा, नोकरीवाला. शेती अशी काही बसली होती, की शेतकरीच शेतकऱ्याला मुलगी द्यायला तयार नव्हते. नोकरीवाल्याचं स्थळ आलं म्हटल्यावर आमचं घर हरखून गेलं. फक्त बोलणीच्या वेळी त्याच्या आईनं सांगून ठेवलं, "शिक्षण झालं तेवढं बस झालं." आमच्याकडचे सगळे माना डोलावून मोकळे झाले. मुलगा खाली मान घालून चहा पीत राहिला.

मला वकील व्हायचंच होतं. त्याचं स्वतःचं मत काय, हे काढून घ्यायला मी त्या केबिनमधून त्याच्याशी चॅटिंग सुरू केलं. इंग्रजी अक्षरांत मराठी. गप्पा रंगायच्या, पण तेवढा एक प्रश्न काही बोटांतून उतरेना. तो नाही म्हणाला असता तर मी लग्न मोडणार होते, आणि एव्हाना तो मला आवडायला लागला होता. शेवटी मी लिहून टाकलं, उद्या एक महत्त्वाचं विचारायचं आहे.

दुसऱ्या दिवशी कॅफेत गेले, तर केबिनी गायब. सायबर कॅफेसाठी सरकारचे नवे नियम आले होते. कॅफेचे मालक, ज्यांना आम्ही सगळ्या मुली चाचा म्हणायचो, सुताराला घेऊन प्लायवूड उखडत होते. सगळे स्क्रीन रस्त्याकडे तोंड करून मांडलेले.

"पोलीस चौकीचे जमादार सांगून गेले बेटा, आडपडदा कुछ नही चाहिये," चाचा म्हणाले. "मले दुकान चालवाचं हाय."

मी अशी भडकले, की तशीच कॉलेजात गेले आणि सरांकडून त्या नियमांची प्रत घेऊन आले. साडेचार फुटांपर्यंत उंचीची केबिन चालते, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. स्क्रीन मोकळ्या जागेकडे हवा तो फक्त केबिनबाहेरच्या कॉम्प्युटरचा. नेमके जमादार पाहणीला आले. मी त्यांच्यासमोर मोठ्यानं वाचलं. त्यांनी मला कोपऱ्यात बसवलं, सुताराला मापाची फळी उभी धरायला लावली आणि वरून डोकावून पाहिलं.

"दिसून तं राहिल्या," ते म्हणाले. "ठेवा मंग. पण पडदा नको, वकीलसाहेब."

मला वकील म्हणणारे ते पहिले गृहस्थ. आनंदानं माझे कान लाल झाले.

सुतारानं फळ्या ठोकल्या. भांडून मिळवलेल्या आडोशात मी ऐटीत बसले, लिहायला हात उचलला आणि थांबले. इथे तो हो म्हणाला आणि उद्या घरी गेल्यावर विसरला, तर ऐकलं कोणी? आम्हाला पुराव्याचा कायदा नुकताच शिकवायला लागले होते. मी उठले, गल्ल्याजवळच्या उघड्या कॉम्प्युटरवर जाऊन बसले आणि चाचांना नि जमादारांना मागे येऊन उभं राहायला सांगितलं.

"इतनी लडाई कायले केली मंग?" चाचा म्हणाले.

मी लिहिलं, "लग्नानंतर मी वकिलीचं शिक्षण पूर्ण करणार. चालेल का? माझ्यामागे दोन साक्षीदार उभे आहेत."

चाचांनी मागवलेला चहा जमादारांच्या हातातच निवला.

मग अक्षरं उमटली. "माझ्यामागे आई उभी आहे. तुम्ही काय विचारणार ते मी ओळखलं होतं, म्हणून तिलाच इथल्या कॅफेत घेऊन आलो. तिला वाचून दाखवलं."

अकोल्यात काय बोलणं चाललं असेल, ते मला ऐकू आल्यासारखं वाटत होतं.

"आई विचारते, वकील झाल्यावर आमच्या धुऱ्याची केस लढशील का?" शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, शेजाऱ्याशी त्यांचं वर्षानुवर्षांचं भांडण होतं, हे मला गप्पांतून माहीत होतं.

मी लिहिलं, "लढेन. फी घेईन."

चाचांनी कपाळाला हात लावला. जमादार माझ्या खांद्यावरून आणखी पुढे वाकले.

"आई म्हणते, मंग लवकर शिक. कोर्टातली पेशी पोळ्यानंतर हाय."