फोटोत दिसेल असं पाजणं

शहापूर तालुक्यातल्या एका उपकेंद्रावर मी नर्स आहे. बाळाला अंगावर कसं पाजायचं हे आयांना शिकवणं माझ्या कामात येतं, आणि ते शिकवलं याचा फोटो वर पाठवणं त्याहून जास्त येतं.

स्तनपान सप्ताहात वरून बॅनर आला. आमच्या भिंतीहून मोठा, नाकापेक्षा मोती जड. सोबत सूचना: आईचा चेहरा दिसावा, बाळाचा चेहरा दिसावा, आणि बॅनरवरचं अक्षरन् अक्षर वाचता यावं. दूध पिणाऱ्या बाळाचा चेहरा आईच्या अंगात दडलेला असतो, हे उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कोण सांगणार? मीही सांगितलं नाही. मला शाबासकी हवी होती.

बॅनर लावला त्या दिवशी शेणव्याच्या पुढच्या एका पाड्यावरची पोरगी बाळाच्या लसीसाठी आली होती. पहिलटकरीण, बाळ चार दिवसांचं. मी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत ताठ बसवलं, पदर सारखा केला, बाळाला मांडीवर उताणं धरायला लावलं आणि त्याचं तोंड तेवढं अंगाकडे वळवलं. कॅमेऱ्याला सगळं दिसलं. बाळाच्या तोंडात जेमतेम टोक गेलं. "हं, अस्संच धर," मी म्हणाले. फोटो तिच्या नवऱ्याच्या मोबाईलवरही पाठवला, हौसेने.

आठवड्याने मी वजनकाटा घेऊन पाड्यावर गेले. बाळाला झोळीत ठेवलं आणि काटा दोनदा वाचला. जन्माच्या वेळेपेक्षा दोनशे ग्रॅम कमी. रडून रडून त्याचा आवाजही बसला होता. पोरीच्या स्तनाग्रांना भेगा पडल्या होत्या आणि सासूच्या हातात किन्हवलीच्या बाजारातून आणलेली कोरी बाटली होती.

"हिला दूधच नाय," सासू म्हणाली. "दिसभर पाजते, तरी पोर उपाशी. आता वरचं चालू करतो आमी."

"पाजून दाखव बघू," मी पोरीला म्हटलं.

ती उठून शेजारच्या घरी गेली. मला वाटलं, लाजली. तर ती खुर्ची घेऊन आली. त्या पाड्यावर प्लॅस्टिकची खुर्ची एकच, तीही शेजाऱ्यांची; तिच्यावर कोणी पाहुणा बसलेला असला की बाळाची भूक ताटकळायची. मग तिने नवऱ्याचा मोबाईल भिंतीला टेकवला, माझा फोटो लावला आणि बघून बघून हुबेहूब तशी बसली. स्वतः ताठ, बाळ उताणं, त्याची मान मुरगळलेली, तोंडात जेमतेम टोक.

"तुमी शिकवलं तसंच करते, सिस्टर. जरा पन बदल नाय केला."

इतकी आज्ञाधारक विद्यार्थिनी मला नोकरीत कधी मिळाली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खुर्ची परत पाठवली. सासूला विचारलं, "मावशी, तुम्ही कशा पाजायच्या?"

"आमा अडाण्यांना काय इचारता," ती फुरंगटली. तरी भिंतीला पाठ लावून बसली, एक गुडघा उभा केला आणि गोधडीची वळकटी कुशीत घेतली, पोटाला पोट लावून. मला प्रशिक्षणात हेच शिकवलं होतं, तीन दिवस, चहा-बिस्किटांसह.

पोरगी तशी बसली. बाळाने मोठा आ करेपर्यंत मी तिला थांबवलं, मग त्याला जवळ ओढायला सांगितलं. या वेळी टोकाभोवतीचा काळा भागही भरपूर तोंडात गेला. थोड्या वेळाने घोट ऐकू यायला लागले. सासूने बाटली फळीवर ठेवली, पण टाकून दिली नाही. शहाणी बाई, माझ्यावर विश्वास ठेवण्यासारखं मी काही केलंच नव्हतं.

मी रोज जात राहिले. पाचव्या दिवशी बाळ जन्माच्या वजनाला परत आलं. तेव्हा धीर करून पोरीला म्हटलं, "चूक माझी होती गो. फोटो चांगला यावा म्हणून मी तुला चुकीचं बसवलं."

वाटलं, चिडेल, रडेल. ती शांतपणे म्हणाली, "मंग ते सगल्यांना सांगा. आख्खा पाडा म्हनतो, माज्यात दूध नाय."

मी दारोदार गेले. "हिला दूध होतं, शिकवणारी चुकली," असं प्रत्येक उंबऱ्यावर म्हटलं. पहिल्या घरी जीभ अडखळली, तिसऱ्या घरी मी परत फिरायचं निमित्त शोधत होते. ती बाळाला घेऊन माझ्या मागेच उभी होती. एकही घर तिने मला सोडू दिलं नाही.