पानांच्या डाव्या पट्ट्या

माझी नात संयोगिता इस्लामपुराहून रोज एस.टी.नं सांगलीला नर्सिंग शिकायला जाते. बाप फौजेत, आई शेतात, म्हणून माझ्याच हाताखाली वाढली. लहानपणी कोंबडीलासुद्धा प्रश्न विचारायची, ती खोड काही गेली नाही.

तिची लिहायची तऱ्हाच न्यारी. सुट्या कागदावर उभी रेघ मारायची. उजवीकडं बाईंनी शिकवलेलं, पण स्वतःच्या शब्दांत, थोडक्यात. घरी आली की ते वाचून डावीकडं प्रश्न लिहायचे. मग उजवी बाजू हातानं झाकायची आणि भिंतीला उत्तरं सांगायची. मी जेमतेम दुसरी शिकलेली. मला वाटायचं, डावीकडं एवढेसे शब्द, केवढा कागद वाया!

परीक्षेच्या आधी गल्लीतल्या सात घरांच्या अकरा पिशव्या मिरच्या डंकावर कांडायला जायच्या होत्या. प्रत्येक पिशवीत नावाची चिठ्ठी लागते, नाहीतर एकीची चटणी दुसरीच्या डब्यात आणि वर्षभर भांडण. संयोगिता कॉलेजात होती. मी कात्री घेतली, उजवीकडचं लिहिलेलं राखून अकरा पानांच्या डाव्या पट्ट्या कापल्या, त्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि पिशव्या डंकावर धाडल्या. स्वतःच्या काटकसरीवर खूश होते बघा.

संध्याकाळी तिनं गठ्ठा सोडला. "आज्जे, माझे प्रश्न कुठं गेले?"

"आगं, नुसतं प्रश्नच तर व्हतं. उत्तरं हायत की समदी!"

"उत्तरं वाचली की वाटतं, आपल्याला येतंय. खरंच येतंय का न्हाई, ते प्रश्नामुळं कळतं गं. परवा पेपर हाय."

ओरडली असती तर बरं झालं असतं. ती लगेच नव्यानं प्रश्न काढायला बसली.

मी तशीच डंकावर गेले. कांडप करणारी बनाबाई म्हणाली, "आवं आत्या, चटणी झाल्यावर चिठ्ठीचं काय लोणचं घालायचं?" केर उपसून तीन मिळाल्या, तिखट आणि तेलानं लालभडक. संयोगितानं त्या शिंकत शिंकत वाचल्या.

प्रश्न काढण्यात दीड दिवस गेला. शेवटचा धडा करायचा राहिला, आणि तो पेपर चार गुणांनी गेला.

"पेपर लय अवघड व्हता," असं तिनं आईबापाला सांगितलं. माझं नाव घेतलं नाही. आता पेपर परत द्यायचाय. रोज मी उजवी बाजू झाकून एकेक अक्षर लावत तिला प्रश्न विचारते. पण त्या खोट्यावर झालेलं आईबापाचं समाधान मला सोसत नाही. माझा लेक, तिचा बाप, सुट्टीवर आलाय. हा माझ्या कबुलीचा कागद आज त्याच्याच हातात देणार हाय.