अंगठ्याआडचा डोंगर

जळकोटच्या फाट्यावर मी रोज एसटीची वाट बघतो, तिथं एक म्हातारा उभा असतो. एक डोळा मिटायचा, हात लांब करायचा आणि समोरच्या डोंगरावर अंगठा धरायचा, हा त्याचा रोजचा उद्योग. जीपवाल्यांना वाटतं, बाबांना गाडी पाहिजे. जीप करकचून थांबते आणि म्हातारा खवळतो, "सरक की बाजूला! डोंगर मोजू दे!"

एकदा न राहवून मी विचारलं, "बाबा, अंगठ्यानं डोंगर कसा मोजता?"

"आधी अंगठ्याच्या दोन्ही अंगानं भायेर दिसायचा. आता पुरा झाकतोय. टिपर भरभरून मुरूम नेत्यात रोज."

"तुमचा अंगठाच जाड झाला असेल."

"मला बी तसंच वाटलं. म्हणून म्हातारीचा अंगठा लावून बघितला!"

मग तो आपल्या विहिरीचं सांगू लागला. "पाऊस आता चार म्हैन्यांचा चार दिसांत कोसळतोय. डोंगर ते पानी पोटात धरायचा अन् आमच्या हिरीला पुरवून पुरवून द्यायचा. आता समदं वाहून जातंय."

मी डोंगर फोडणाऱ्यांना मनसोक्त शिव्या घातल्या. म्हातारा खूश होऊन माझ्या घरादाराची चौकशी करू लागला. घर नवीन बांधलंय, अंगणात लई चिखल व्हायचा, म्हणून दोन टिपर मुरूम टाकलाय, असं मी बोलून गेलो.

त्यानं अंगठा खाली घेतला. सासरी दिलेल्या लेकीची खुशाली विचारावी तसं हळूच म्हणाला, "मग बरा हाय न्हवं आमचा डोंगर, तुमच्याकडं?"